द्रव्याचा गुण आणि वस्तूचा घाट : रोधकतेच्या कल्पनेची जडणघडण

१

शालेय पदार्थविज्ञानात विद्युतधारेचे प्रकरण सुरू झाले की लवकरच एक छोटेसे सूत्र भेटते. तारेचा रोध तिच्या लांबीच्या समप्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी आणि जाडी यांचा हिशेब बाजूला काढल्यावर जो गुणक उरतो, ती त्या द्रव्याची रोधकता. विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो, त्यावरची दोन उदाहरणे सोडवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. साहित्याच्या वाटेने गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचा या सूत्राशी असलेला संबंध तिथेच संपलेला असतो.

ते सूत्र पुन्हा उघडून पाहावे असे वाटण्याचे कारण आपल्याच व्यवसायात आहे. समीक्षेत आपण आशय आणि घाट यांची फारकत करतो, ती शक्य आहे की नाही यावर वाद घालतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी येऊन थांबतो. पदार्थविज्ञानाने एका मर्यादित क्षेत्रात अशीच एक फारकत करून दाखवली. समोरच्या वस्तूतले किती तिच्या आकाराचे आणि किती तिच्या द्रव्याचे, हे त्याने आकड्यांत सांगितले. हे काम एका बैठकीत झाले नाही. त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, त्यात चुका झाल्या, आणि ज्याच्या नावावर ते आज जमा आहे त्या शिक्षकाला उमेदीची कित्येक वर्षे हक्काच्या प्राध्यापकपदाविना काढावी लागली. पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत यातले काहीच उरत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू ते थोडे परत मिळवण्याचा आहे.

२

आधी हिशेब पाहू, कारण हिशेबावाचून हा इतिहास समजत नाही.

प्रयोगशाळेत एक मीटर लांबीची नायक्रोमची तार घेतली आहे. स्क्रू गेजने तिचा व्यास ०.४ मिलिमीटर भरला. तिच्यातून विद्युतधारा सोडून दोन टोकांमधले विभवांतर मोजले, विभवांतराला धारेने भागले आणि रोध ८.७५ ओहम आला. व्यासावरून काटछेदाचे क्षेत्रफळ ०.१२५७ चौरस मिलिमीटर येते. रोधाला क्षेत्रफळाने गुणून लांबीने भागले की रोधकता मिळते : १.१ ओहम-मीटरचा दहा लाखावा भाग, किंवा दुसऱ्या शब्दांत ११० ओहम-मीटरचा दहा कोटीवा भाग. याच मापात तांब्याची रोधकता सुमारे १.७ आहे. म्हणजे त्याच लांबीजाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा नायक्रोमची तार साठपटीहून अधिक रोध करते. इस्त्रीत आणि शेगडीत नायक्रोम का आणि भिंतीतल्या वायरीत तांबे का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या हिशेबात एक खोच आहे. लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तरात हजारात एकाचा फरक पडतो. पण व्यास ०.४ ऐवजी ०.४१ वाचला गेला तर उत्तर पाच टक्क्यांनी चुकते, कारण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो. म्हणून जाणता शिक्षक विद्यार्थ्याला तार चार-पाच ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजायला सांगतो. दिसायला सर्वांत क्षुल्लक असलेले माप सर्वांत महत्त्वाचे ठरते, हा धडा या प्रयोगात दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तारा आजच्याइतक्या एकसारख्या ओढल्या जात नसत आणि धातूही शुद्ध मिळत नसत, हे लक्षात ठेवले की पुढची कथा अधिक समजुतीने वाचता येईल.

३

या कथेचा आरंभ मोजपट्टीने होत नाही, माणसाच्या शरीराने होतो. इंग्लंडमधल्या हेन्री कॅव्हेंडिश या अबोल आणि एकलकोंड्या धनिकाने १७७० च्या दशकात निरनिराळ्या पदार्थांच्या वाहकतेची तुलना करायला सुरुवात केली. त्या वेळी धारा मोजणारे उपकरण अस्तित्वातच नव्हते. कॅव्हेंडिश विद्युत्‌भारित लायडन बरण्यांचा झटका मिठाच्या पाण्याने भरलेल्या नळीतून आणि स्वतःच्या देहातून जाऊ देई. मग दुसऱ्या नळीतून येणारा झटका तितकाच वाटेपर्यंत तिच्यातल्या द्रवाची लांबी कमीजास्त करी. गॅल्व्हानोमीटरची सुई म्हणजे त्याचे स्वतःचे मनगट आणि कोपर. या पद्धतीने त्याने जो अंदाज बांधला तो १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला : लोखंडाची तार पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा चाळीस कोटी पट चांगली वाहक आहे.

या विधानाची झेप ध्यानात घेतली पाहिजे. चाळीस कोटी हा आकडा लोखंड आणि पाणी यांच्याबद्दल आहे. अमुक तार आणि तमुक नळी यांच्याबद्दल नाही. म्हणजे आकार वजा करून द्रव्याकडे पाहण्याची दृष्टी कॅव्हेंडिशजवळ होती. इतकेच नव्हे, तर नळीतल्या द्रावणांवरील प्रयोगांतून १७८१ पर्यंत तो जवळजवळ त्याच नियमाशी पोहोचला होता ज्याला आज आपण ओहमचे नाव देतो. पण टिपणे त्याच्या कागदांतच राहिली. १८१० मध्ये तो गेला. ती टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने संपादित करून १८७९ मध्ये छापली, तेव्हा नियम कधीच प्रस्थापित झाला होता. हस्तलिखितांत अडकून पडलेल्या ग्रंथांचे दुःख मराठीच्या अभ्यासकांना नवे नाही. प्रसिद्ध न झालेले ज्ञान परंपरेला कारण ठरू शकत नाही. ते नंतर सापडले तरी फक्त आश्चर्याचा विषय होते.

१८०० मध्ये व्होल्टाची घटमाला आली आणि सतत वाहणारी धारा मिळू लागली. १८२० मध्ये ओर्स्टेडने धारेमुळे चुंबकसुई हलते हे दाखवले आणि धारा मोजण्याची वाट मोकळी झाली. १८२१ मध्ये हंफ्री डेव्हीने धातूंच्या तारांवर प्रयोग करून तीन गोष्टी नोंदवल्या. तारेची वाहकशक्ती लांबी वाढली की त्याच प्रमाणात कमी होते. ती तारेच्या पृष्ठभागावर अवलंबून नसून तिच्या सबंध गाभ्यावर, म्हणजे काटछेदावर अवलंबून असते. आणि धातू तापला की ती घटते. यातली दुसरी नोंद विशेष महत्त्वाची आहे. स्थिर विद्युतभार वाहकाच्या पृष्ठभागावर बसतो हे सर्वांना माहीत होते, त्यामुळे वाहती वीजही पृष्ठभागावरून जात असावी असे समजणे स्वाभाविक होते. तसे असते तर सूत्रात क्षेत्रफळाच्या जागी परीघ आला असता. पुढे फ्रान्समध्ये बेकरेलने, लांबी आणि काटछेद यांचे गुणोत्तर समान असलेल्या एकाच धातूच्या दोन तारा सारख्याच वाहक असतात, हे दाखवले.

म्हणजे १८२५ च्या सुमारास सूत्राचे तुकडे जवळजवळ सगळे हाताशी होते. नव्हता तो त्यांना जोडणारा विचार. घटमालेतले ‘बल’ वेगळे, तारेतली ‘धारा’ वेगळी आणि तारेचा ‘रोध’ वेगळा, या तीन संकल्पना तेव्हा एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

४

गेओर्ग झिमोन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर, पण स्वतःच्या प्रयत्नाने गणित शिकलेले. त्यांनीच दोन्ही मुलांना शिकवले. धाकटा मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपाला आला. गेओर्ग विद्यापीठात गेला, पण नाच, बर्फावरचे घसरखेळ आणि बिलियर्ड यांत रमला म्हणून वडील संतापले आणि तीन सत्रांतच त्याचे शिक्षण थांबले. स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत त्याने मास्तरकी पत्करली. १८११ मध्ये परत येऊन त्याने पदवी घेतली, पण विद्यापीठात पोटापुरतेही मिळेना. मग बांबेर्गमधली एक सुमार शाळा, तीही बंद पडली. १८१७ मध्ये कलोनच्या माध्यमिक विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवण्याची जागा मिळाली. तिथे प्रयोगशाळा बरी होती. वडिलांच्या हाताखाली मिळालेले कारागिरीचे शिक्षण आता उपयोगी पडले; उपकरणे तो स्वतः घडवी.

१८२५ मध्ये त्याने धातूंच्या वाहकतेसंबंधी पहिला निबंध प्रसिद्ध केला. शीर्षकातच ही ‘प्राथमिक सूचना’ असल्याचे म्हटले होते. प्रयोग असा : घटमालेच्या दोन टोकांना निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडायच्या आणि चुंबकसुईवरचा परिणाम आखूड, जाड तारेच्या तुलनेत किती घटतो ते पाहायचे. या आकड्यांवरून त्याने जो नियम काढला त्यात लॉगरिदम होता. तो नियम चूक होता.

चूक कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे. मोजमापात निष्काळजीपणा नव्हता. मोजण्याचा आधारच डळमळीत होता. त्या काळच्या घटमालेचे बल सर्किट जोडताक्षणी उसळत असे आणि मग उतरत जाई. दर वेळी नवी तार जोडली की घटमालाही वेगळीच झालेली असे. तारेची परीक्षा घ्यावी तर परीक्षकच बदलत होता. ‘आनालेन’ या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला सुचवले की रासायनिक घटमालेऐवजी उष्णतेपासून निर्माण होणारी वीज वापरून पाहा. झीबेकने १८२१ मध्ये दाखवले होते की दोन भिन्न धातूंचे दोन सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले तर धारा वाहते.

ओहमने बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे केले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळणारे पाणी आणि वितळणारा बर्फ यांची तापमाने निसर्गच स्थिर ठेवतो, त्यामुळे बलही स्थिर राहिले. सोन्याच्या चपट्या तारेला चुंबकसुई टांगली आणि ती मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो ते मोजले. आठ तांब्याच्या तारा घेतल्या; जाडी एकच, लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. जानेवारी १८२६ मधल्या पहिल्या मालिकेत २ इंची तारेला पीळ ३२६ पूर्णांक ३/४ आला आणि १३० इंची तारेला ४८ पूर्णांक १/२.

इथे क्षणभर थांबावे. लांबी पासष्टपट झाली, पण परिणाम मात्र सातपटीपेक्षाही कमी उतरला. लांबी आणि धारा यांचे सरळ व्यस्त प्रमाण शोधणारा मनुष्य इथे निराश होऊन उठला असता. ओहमला दिसले की धारेला केवळ समोरच्या तारेतून जावे लागत नाही. बिस्मथ, सांधे, जोडण्या असा सर्किटचा उरलेला भागही रोध करतो. त्या अदृश्य भागाला त्याने तांब्याच्या तारेच्या लांबीतच मोजले : सव्वावीस इंच. आता २ मध्ये सव्वावीस मिळवा, सव्वाबावीस. १३० मध्ये मिळवा, सव्वादीडशे. या दोहोंचे गुणोत्तर ६.७५ आणि मोजलेल्या पिळांचे गुणोत्तर ६.७४. नियम उभा राहिला : परिणाम बरोबर बल भागिले एकूण रोध. १८२६ च्या या निबंधाच्या शीर्षकात ‘प्राथमिक सूचना’ हे शब्द नाहीत. त्याऐवजी नियमाची ‘निश्चिती’ असा शब्द आहे. दोन शीर्षकांमध्ये जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे.

आजच्या वाचकाला या पद्धतीतली एक गोष्ट विलक्षण वाटेल. रोधाला तेव्हा स्वतःचे एकक नव्हते. ओहम रोध लांबीत सांगतो. बिस्मथचा तुकडा असो की सांधा, तो अमुक इंच तांब्याच्या तारेइतका. १८२७ च्या ग्रंथात यालाच त्याने ‘रूपांतरित लांबी’ अशा अर्थाची संज्ञा दिली : खरी लांबी, भागिले काटछेद आणि वाहकता यांचा गुणाकार. नीट पाहिले तर शालेय सूत्र ते हेच. म्हणजे रोधकतेची कल्पना जन्मली ती भाषांतरासारखी. प्रत्येक द्रव्य तांब्याच्या भाषेत आणायचे आणि भाषांतरात काय दराने वाढघट होते ते पाहायचे. तो दर म्हणजे त्या द्रव्याचा गुण.

या दरांची एक यादीही ओहमने दिली. तांबे १००० धरले तर सोने ५७४, चांदी ३५६, जस्त ३३३, पितळ २८०, लोखंड १७४, प्लॅटिनम १७१, कथील १६८, शिसे ९७. या यादीत एक ठळक चूक आहे. चांदी तांब्यापेक्षा किंचित अधिक चांगली वाहक आहे. तिची रोधकता सुमारे १.५९, तांब्याची १.६८ ते १.७२. ओहमच्या यादीत मात्र ती तांब्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे. तारेची जाडी आणि धातूची शुद्धता यांतले काहीही बिघडले की असे आकडे येतात. नियम खरा आणि यादीतला आकडा खोटा, दोन्ही एकाच माणसाच्या हातचे आणि जवळजवळ एकाच काळातले.

५

१८२६ मध्ये ओहमने अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि तो बर्लिनला भावाकडे गेला. १८२७ मध्ये ‘गॅल्व्हानिक मंडल : गणिती विवेचन’ अशा अर्थाच्या नावाचा त्याचा ग्रंथ तिथे निघाला. त्याचा आदर्श होता फूरियेचा उष्णतावहनाचा सिद्धांत, जो १८२२ मध्ये ग्रंथरूपाने आला होता. सळईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उष्णता जशी तापमानाच्या उतारावरून वाहते, तशी वीजही तारेतून कसल्यातरी उतारावरून वाहते, हे त्याचे मूळ रूपक. रूपक हा शब्द इथे जाणूनबुजून वापरला आहे. उष्णतेचे गणित त्याने विजेला लावले आणि ते लागू पडले.

या ग्रंथाचे जर्मनीत थंड स्वागत झाले. गेओर्ग फ्रीड्रिख पोल या हेगेलच्या निसर्गतत्त्वज्ञानाच्या अनुयायाने त्याच्यावर कडवट टीका केली. सर्किटमधली क्रिया ही जिवंत, अखंड, विरोधांच्या संघर्षातून घडणारी घटना आहे. तिचे लांबी-जाडीत तुकडे करणे म्हणजे तिचे मर्म गमावणे, असा या विचारसरणीचा सूर होता. आपल्यापैकी अनेकांना हा सूर ओळखीचा वाटेल, कदाचित प्रियही. कलाकृतीच्या सेंद्रिय एकतेबद्दल आपण असेच बोलतो आणि पुष्कळदा बरोबरही बोलतो. पण इथे प्रश्न तारेचा होता आणि तारेबाबत तुकडे करणाराच बरोबर ठरला. समग्रतेचा आग्रह ही स्वयंसिद्ध शहाणपणाची खूण नाही. कुठे विश्लेषण चालते आणि कुठे नाही, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मात्र या कथेला नंतर जो भावुक मुलामा चढला, तोही खरवडायला हवा. अज्ञानी अधिकाऱ्यांनी ओहमला हाकलून दिले असे लोकप्रिय पुस्तकांत सांगितले जाते. वास्तविक १८२८ मध्ये कलोनच्या जागेचा राजीनामा त्याने स्वतः दिला. ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात प्राध्यापकपद मिळेल ही त्याची आशा फोल ठरली होती. पुढची पाच-सहा वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ अध्यापनावर गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रविद्यालयात जागा मिळाली. दरम्यान फेख्नरने १८३१ मध्ये प्रयोगांनी त्याच्या नियमाला पुष्टी दिली होती, रशियात लेन्झ तो वापरत होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कॉप्ली पदक दिले आणि त्याच वर्षी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला. १८४३ मध्ये व्हीट्स्टनने रोध मोजण्याच्या पद्धतींवर व्याख्यान देऊन ओहमच्या विचाराचा पुरस्कार केला. म्युनिकचे प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे अध्यासन त्याला मिळाले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी तो मरण पावला. आयुष्यभर ज्याची इच्छा धरली ते त्याला दोन वर्षे लाभले.

टीकाकारांचे सगळेच चुकले होते असेही नाही. ज्या ‘उतारा’वरून वीज वाहते तो कसला, हे ओहमला नीट सांगता आले नव्हते. तापमानाच्या धर्तीवर त्याने ती विजेची एक प्रकारची घनता मानली आणि ती कल्पना स्थिर विद्युतशास्त्राशी जुळत नव्हती. १८४९ मध्ये किरखोफने दाखवले की ती राशी म्हणजे विभव होय; तेव्हा कुठे धारेचे शास्त्र आणि भाराचे शास्त्र एक झाले. म्हणजे सूत्र बरोबर आणि त्यामागचे चित्र अपुरे, अशी स्थिती बावीस वर्षे होती.

६

रोधकता हा शब्द विद्वानांच्या वर्तुळातून बाहेर आला तो समुद्राच्या तळाशी. अटलांटिकखालची पहिली तारयंत्राची केबल ऑगस्ट १८५८ मध्ये जोडली गेली आणि सुमारे तीन आठवड्यांत मुकी झाली. त्याच सुमारास, १८५७ मध्ये, विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, बाजारात मिळणाऱ्या तांब्याचे नमुने तपासले तेव्हा आढळले की ‘तांबे’ या एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या तारांच्या वाहकतेत मोठे अंतर आहे. १८६० च्या आसपास मॅटिसेनने या तफावतीचे कारण दाखवले : अल्प प्रमाणातल्या अशुद्धी. आर्सेनिकसारखा घटक किंचित असला तरी वाहकता कोसळते. स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या तांब्याची वाहकता शुद्ध तांब्याच्या सातव्या हिश्श्याइतकीच भरली.

हजारो किलोमीटर लांबीच्या तारेत ही गोष्ट व्यापारी नफ्यातोट्याची होती. १८५८ च्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते, १८६५ च्या केबलमध्ये ३०० पौंड. शिवाय तांब्याची वाहकता तपासून घेतली जाऊ लागली. सूत्रातल्या तीन अक्षरांपैकी लांबी भूगोलाने ठरवलेली होती, बदलता येण्यासारखी दोनच, जाडी आणि रोधकता. दोन्ही बदलल्या गेल्या. १८६६ मध्ये अटलांटिक केबल कायमची बोलू लागली. तीच ‘ग्रेट ईस्टर्न’ बोट १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकत गेली आणि मुंबई सागरी तारेने युरोपशी जोडली गेली.

व्यापाराला एकक लागते. याकोबीने ठरावीक तांब्याच्या तारेच्या प्रती निरनिराळ्या शास्त्रज्ञांना धाडून पाहिल्या. पण तांब्याचा भरवसा नव्हता. १८६० मध्ये व्हेर्नर झीमेन्सने पारा सुचवला : शून्य अंश सेल्सिअसला, एक चौरस मिलिमीटर काटछेदाचा, एक मीटर लांबीचा स्तंभ. पारा द्रव असल्याने सहज शुद्ध करता येतो आणि त्याला तारेसारखा ओढण्याचा इतिहास नसतो. १८६१ मध्ये ब्राइट आणि क्लार्क या दोन अभियंत्यांनी विद्युतएककांना शास्त्रज्ञांची नावे देण्याची कल्पना मांडली; १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम हे एकक म्हणून मान्य झाले. १८९३ च्या शिकागो परिषदेने ते १०६.३ सेंटिमीटर उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाशी जोडले. एककाला ओहमचे नाव मिळाले खरे, पण मोजणे अजून त्याच्याच पद्धतीने चालले होते : रोध म्हणजे प्रमाण द्रव्याची अमुक लांबी.

शब्दही याच काळात नेमके झाले. वस्तूचा रोध आणि द्रव्याची रोधकता या दोहोंसाठी वेगळ्या प्रत्ययांची नावे असावीत असा आग्रह ऑलिव्हर हेविसाइडने १८८० च्या दशकात धरला. मराठीत हा भेद सहज साधला आहे. ‘रोध’पासून ‘रोधक’ आणि त्याला ‘ता’ लावून ‘रोधकता’. भाववाचक नामाचा प्रत्यय इथे आपले व्याकरणातले काम चोख बजावतो : वस्तू सोडतो आणि गुण धरतो. ‘विशिष्ट रोध’ हा पर्यायी शब्द तितका स्वच्छ नाही. ‘विशिष्ट’ या विशेषणाने बोध उलटा होऊ शकतो, कारण द्रव्याचा गुण हा कोणत्याही विशिष्ट वस्तूचा नसतो.

७

मात्र ‘द्रव्याचा गुण’ हा शब्दप्रयोग उच्चारताना सावध राहिले पाहिजे. डेव्हीने पाहिलेच होते की तापमान वाढले की धातूची वाहकता घटते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांवरची तार सत्तर अंशांवर गेली की तिचा रोध पाचव्या हिश्श्याने वाढलेला असतो. म्हणून कोष्टकात रोधकतेशेजारी तापमान लिहावे लागते. १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने प्रमाण तांब्यासाठी १.७२४१ हा आकडा ठरवला, तोही ‘वीस अंश सेल्सिअसला’ आणि ‘तापवून मऊ केलेले’ या अटींसह. मॅटिसेनने तर रोधकतेचे दोन भाग पाडले होते : एक तापमानाबरोबर बदलणारा, दुसरा अशुद्धीमुळे येणारा आणि तापमानाने न हलणारा.

शुद्ध धातू अतिशय थंड केला तर काय होईल, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मतभेद होते. रोध हळूहळू शून्याकडे जाईल असे काहींचे मत होते. उलट तो अनंत होईल असे केल्व्हिनला वाटत होते. १९११ मध्ये लायडनला कॅमरलिंग ओनेसच्या प्रयोगशाळेत पारा वापरून पाहिला गेला, पुन्हा त्याच कारणाने, कारण तो अत्यंत शुद्ध करता येतो. निरपेक्ष शून्यावर सुमारे ४.२ अंश असताना त्याचा रोध हळूहळू न घटता एकाएकी नाहीसा झाला. ज्या द्रव्याच्या स्तंभावर जगाने रोधाचे एकक उभारले होते, त्याच द्रव्याने रोध टाकून दिला. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

पुढे पुंजसिद्धांताने आणखी एक धक्का दिला. १९२८ मध्ये ब्लॉखने दाखवले की अणूंची रचना पूर्णपणे नियमित आणि निश्चल असेल तर इलेक्ट्रॉनला अडथळाच होत नाही. रोध येतो तो अणूंच्या कंपनांमुळे आणि रचनेतल्या दोषांमुळे. म्हणजे ज्याला आपण तांब्याचा अंगभूत गुण म्हणत आलो, तो तांब्याच्या अपूर्णतेचे माप निघाला. आकार वजा केल्यावर हाती शुद्ध सत्त्व लागेल अशी अपेक्षा होती. हाती लागली ती परिस्थिती : किती उष्ण, किती भेसळयुक्त, किती विस्कळीत. तरीही फारकत निरर्थक ठरली नाही. ती केली नसती तर हे पुढचे प्रश्न विचारताच आले नसते.

८

शेवटी आपल्या भूमीकडे. १९१५ मध्ये फ्रँक वेनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने जमिनीची रोधकता मोजण्याची एक पद्धत दिली. जमिनीत समान अंतरावर, एका रेषेत चार सळया रोवायच्या. बाहेरच्या दोहोंतून धारा सोडायची, आतल्या दोहोंतले विभवांतर मोजायचे. जमिनीला लांबी नाही आणि काटछेदही नाही, तेव्हा शालेय सूत्र इथे जसेच्या तसे चालत नाही. त्याच्या जागी दोन सळयांमधले अंतर येते : रोधकता बरोबर दोन पाय गुणिले ते अंतर, गुणिले विभवांतर, भागिले धारा. सूत्रातला आकाराचा भाग बदलला, द्रव्याचा भाग तोच राहिला. दख्खनच्या पठारावर विहीर किंवा विंधनविहीर घेण्याआधी अशी तपासणी केली जाते. सलग, कठीण बेसाल्टची रोधकता जास्त. झिजलेल्या, भेगा पडलेल्या आणि पाणी धरून असलेल्या थराची कमी. सळयांमधले अंतर वाढवत नेले की अधिकाधिक खोलीचा अंदाज येतो. अर्थात क्षारयुक्त पाणी आणि चिकणमातीही आकडा खाली आणतात, त्यामुळे कमी रोधकता म्हणजे हमखास गोडे पाणी असे नाही. आकड्याचे वाचन करणारा जाणता हवा.

दुष्काळी तालुक्यातल्या शेतात चार सळया रोवून बसलेला भूजलतज्ज्ञ आणि बर्फ व उकळते पाणी यांच्यामध्ये आठ तारा मांडून बसलेला कलोनचा मास्तर एकच प्रश्न विचारत आहेत : समोर जे मोजले जात आहे त्यात मांडणीचे किती आणि द्रव्याचे किती? एकाने पहिल्या खेपेला चुकीचे उत्तर छापले आणि वर्षभरात ते स्वतःच दुरुस्त केले. दुसऱ्याच्या चुकीची किंमत शेतकऱ्याला कोरड्या विंधनविहिरीच्या रूपाने मोजावी लागते.

पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींशेजारी ओहमचा १८२५ चा चुकीचा नियम आणि त्याची ३५६ ची चांदी यांनाही जागा मिळावी, एवढीच एका भाषाशिक्षकाची सूचना आहे. प्रयोगवहीत खाडाखोड करायला भिणाऱ्या मुलांना तिचा उपयोग होईल.